गिऱ्हाइकांची पुडी

पुडीवाले काका सांधेदुखीवर जडीबुटीची पुडी विकायचे. त्यांचंच रक्त कमी होत चाललं, कारण कळेना, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला लावली. लहान आतड्यात जखमा दिसल्या; रक्त तिथूनच झिरपत होतं.

"हे पेनकिलरचे प्रताप. आजपासून बंद करा, नाहीतर आतडं कापावं लागेल."

"मी आणि पेनकिलर? विचारा हिला!" काकांनी शेजारी बसलेल्या काकूंकडे बोट दाखवलं. मग डॉक्टरांच्या कानाशी लागले. "तुमच्यापासून काय लपवायचं? पेनकिलर कुटून घालतो मी, पण गिऱ्हाइकांच्या पुडीत. माझी वेगळी असते, निव्वळ झाडपाला."

काकूंचे कान तिखट.


"अहो, त्या पाल्यानं तुमचं कण्हणं थांबेना, म्हणून वर्षभर मी तुम्हाला गिऱ्हाइकांचीच देतेय."