करून दाखवायचं लग्न

“मान्य आहे,” ललिताबाई माइकवर म्हणाल्या आणि पहिल्या रांगेत बसलेल्या खुशालरावांचा नेहमीसारखा जळफळाट झाला.

बाईंच्या समोर उभे होते चंद्रभान. बडनेऱ्याचे निवृत्त गाणेमास्तर, विधुर, आवाज अजून खणखणीत. ललिताबाई भटजीविना लग्नं लावत आणि चंद्रभान त्यांच्यासोबत मंगलाष्टकं गात. माइक पुढं आला की नवरानवरी लाजून मुके होतात, म्हणून बाईंनी एक रीत पाडली होती. वचनं आधी आपण करून दाखवायची. चंद्रभान नवऱ्याची वचनं म्हणत, बाई नवरीचं उत्तर देत. मग खरी जोडी तेच म्हणे.

म्हणजे खुशालरावांची बायको लग्नसराईभर दुसऱ्याच माणसाला होकार देत हिंडत होती. तोही भरल्या मांडवात, लाउडस्पीकरवर! नवऱ्यानं कसं बसून ऐकावं?

सुरुवातीला अमरावतीत बाईंना हसणारेच जास्त होते. “बाई लग्न लावणार? मग बाप्यानं काय बाळंतपणं करावी?” असं लोक तोंडावर विचारत. पुढं कपाशीनं लागोपाठ दगा दिला. बँड परवडेनात, जेवणावळी परवडेनात, आणि तासाभरात लग्न लावून देणाऱ्या बाईंकडे रीघ लागली. मुहूर्त नाही, सोवळं नाही, सुतक नाही. साधी वचनं, साधा होकार. त्या वचनांचं पुस्तक निघालं आणि परतवाड्यापासून अकोल्यापर्यंत पोचलं. लोक त्याला ‘बाईची पोथी’ म्हणत. खुशालरावांनी ते कधी उघडलं नाही. आभारात चंद्रभानचं नाव आपल्या आधी आहे, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तेवढं त्यांना पुरलं.

त्या दिवशी परतीच्या एसटीत त्यांना राहवलं नाही.

“मले कधी म्हनलं तू?”

“काय?”

“मान्य हाय म्हनून.”

ललिताबाई हसल्या. “आपल्या लग्नात मले कोनी इचारलंच कुठं होतं जी? अंतरपाट धरला, भटजी सावधान म्हनला, आन् पडल्या अक्षता डोक्यावर.”

“मंग आता म्हन.”

“एसटीत? मांडवात उभं राहून म्हनाची गोष्ट हाय ते.”

माइकवर बाई शुद्ध पुस्तकी बोलत, घरी अस्सल वऱ्हाडी. खुशालरावांना हेही खुपे. गोडधोड पाहुण्यांना आणि घरच्यांना शिळं, तसलाच प्रकार. पण आता त्यांच्या डोक्यात दुसरंच शिरलं होतं. ते दोन शब्द त्यांना हवे होते. मांडवात, सगळ्यांदेखत आणि तिच्या तोंडून. साठी ओलांडलेल्या माणसानं हट्ट धरू नये असा काही कायदा नाही.

पुढचं लग्न अकोल्याला होतं. आदल्या दिवशी बाई बाजारात गेल्याचं पाहून खुशालरावांनी चंद्रभानना फोन लावला.

“मास्तर, उद्याचं लगन पुढं ढकललं. पोरीकडं सुतक आलं. तुमी येऊ नका.”

“सुतक? बाईच्या लग्नाले?” चंद्रभाननी विचारलं. “बाईनं सांगितलं असं?”

“मंग काय मी सांगून राहिलो का मनानं?”

“बरं,” चंद्रभान म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याला मास्तर गाडीत चढले नाहीत. “मास्तर कावून नाही आले?” बाईंनी विचारलं. “मले काय ठाव? तब्येत बरी नसन,” खुशालराव म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. आत मात्र त्यांना उकळ्या फुटत होत्या.

अकोल्याला पोचल्यावर ललिताबाई मांडवामागं जाऊन मास्तरांशी फोनवर बोलून आल्या. खुशालरावांचं धाबं दणाणलं. पण बाई हसतच आल्या.

“मास्तर येत नाहीत. करून दाखवाले कोनीतरी पायजे.”

“मी हावो ना!”

“तुमी?” बाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. “वचनं मनातून म्हना लागतात. माह्या मांडवात मी खोटं बोलत नाही.”

“मनातूनच म्हनतो.”

“मंग या.” बाईंनी त्यांची कॉलर सारखी केली. खुशालराव पार विरघळले. आपण इतकी वर्षं उगाच जळत बसलो, असंही त्यांना वाटून गेलं.

मांडव भरला. बाई एकेक वचन सांगत गेल्या आणि खुशालराव त्यांच्यामागून म्हणत गेले. आवाज आधी कापरा होता, मग सुधारला.

“मी तुझ्या कामात आडवा येणार नाही. मी तुझ्यावर संशय घेणार नाही. मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही.”

“पुन्हा म्हणा,” ललिताबाई म्हणाल्या. “मागं ऐकू गेलं नाही.”

“मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही!” खुशालराव छाती भरून म्हणाले. बायकांमधून टाळ्या पडल्या. त्यांचे डोळे भरून आले. त्या घडीला ते खरंच मनातून बोलत होते.

आता बाईंनी उत्तर द्यायचं होतं. नवरी मान वर करून पाहत होती, नवरदेव ओठांतल्या ओठांत घोकत होता. खुशालरावांनी कान टवकारले. बायकोनं माइक तोंडाजवळ घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

“मले मान्य नाही जी,” ती म्हणाली, आणि नवरीकडे वळली. “पाह्यलं ना, पोरी? असंबी म्हनता येते.”