रिकामी काचपेटी

युद्धातल्या वस्तू जमवून त्यांनी संग्रहालय थाटलं, तेव्हापासून सगळे त्यांना भंगारकाकाच म्हणायचे. शेजारच्या शाळेत घंटा म्हणून टांगलेलं तोफगोळ्याचं पितळी नळकांडं मिळवायला त्यांनी सात वर्षं मुख्याध्यापकांचा पिच्छा पुरवला. आज परवानगी मिळाली. त्यांनी नेहमीसारखे पांढरे हातमोजे चढवले, तशा शिपाईमावशी फिस्सकन हसल्या. “अहो काका, साठ वर्षं हातोडीनं बडवतोय आम्ही त्याला! थांबा, पाचचे शेवटचे ठोके देऊन घेते.” ठोके पडताच पोरं दप्तरं सावरत फाटकाबाहेर सुसाट सुटली. “आजी सांगायची,” मावशी म्हणाल्या, “लढाईत ह्याच्या आवाजानं अख्खं गाव घरं सोडून पळालं. आता ह्याच्याच आवाजानं पोरं घरी पळतात.” काकांनी हातमोजे काढले. संग्रहालयात त्या नळकांड्यासाठी ठेवलेली काचपेटी अजून रिकामीच आहे. आत फक्त चिठ्ठी: ‘वस्तू कामावर आहे. दहाला आणि पाचला खिडकीतून ऐकू येते.’