लॉनमधली हुमणी

माणिकरावांची पिशवी दारात तयार होती, पण चपला काही सापडत नव्हत्या.

"कोमल, माझ्या चपला कुठं गेल्या गं?"

"असतील हो मामा इथंच कुठंतरी," सून तुळशीला पाणी घालता घालता म्हणाली. "आजच निघायचं एवढं काय अडलंय?"

"मंग काय करू? बसून खाणं माझ्यानं होत न्हाई. हितं ना शेत, ना ढोरं. गावाकडं निदान कुणी काम तरी सांगतं."

हे त्यांचं रोजचंच होतं. शिरड शहापूरच्या घरात आता त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात तिथं ते तापानं फणफणून पडले. शेजारणीला दार बंद दिसलं म्हणून बरं, नाहीतर माणूस हाती लागला नसता. तेव्हाच कोमलनं ठरवलं होतं, काही झालं तरी मामांना एकटं राहू द्यायचं नाही. पण म्हातारा पक्का हट्टी. त्याला हिंगोलीच्या या नव्या बंगल्यात थोपवून धरता धरता तिच्या नाकी नऊ आले होते.

तेवढ्यात तिचा नवरा विश्वंभर बाहेरून ओरडला, "अरे देवा! बाबा, लॉनला काय झालं बघा हो!"

लॉन म्हणजे विश्वंभरचा जीव की प्राण. माणिकरावांना त्याचा भारी राग. आपण जन्मभर शेतातली हरळी खणली आणि पोरगं दारात तिलाच पाणी पाजून राहिलं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. तरी ते अनवाणीच बाहेर आले.

हिरव्या गवतात पिवळे चट्टे पडले होते. माणिकरावांनी वाकून एक चट्टा ओढला, तर सतरंजी उचलावी तसं गवत अलगद वर आलं. मुळं पार कुरतडलेली. खाली पांढऱ्या, जाडजूड अळ्या वळवळत होत्या.

"हुमणी!" माणिकरावांचे डोळे चमकले. "आता ही हितं कशी आली?"

त्यांनी तुळशीकडं पाहिलं. कोमलनं तांब्या खाली ठेवला. "मला काय ठाऊक मामा. ती तर उसात असते ना?"

"औषधवाल्याला फोन लावतो," विश्वंभर म्हणाला.

"काहून? लेकरू लोळतं ना तुझं त्या गवतात? इख मारतो व्हय तिथं? कुदळ आण. हिला संपवल्याबिगर मी जात नसतो."

पिशवी परत आत गेली. चपलाही लगेच सापडल्या, वॉशिंग मशीनच्या मागं.

मग काय विचारता! उजाडलं की माणिकराव लॉनमध्ये. माती उकरायची, अळ्या वेचायच्या, साबणाच्या पाण्यात टाकायच्या, वरून निंबोळी पेंड पसरायची. कावळे आणि साळुंक्या त्यांच्या मागंमागं. "तू साहेब असशील हापिसात, हितं पाट्या उचल," असं विश्वंभरला सुनवायचं. म्हातारा जेवायलाही लागला. भाकरी मागून घेऊ लागला.

लॉन हिरवं झालं आणि माणिकरावांची पिशवी पुन्हा दारात आली. कोमलचं तोंड एवढंसं झालं.

त्याच सकाळी समोरच्या जिवनबाई धावत आल्या. "दादा, ओ दादा! आमचं बी लॉन पिवळं पडून राहिलं!"

"तुमच्याकडं?" कोमल पटकन बोलून गेली. "तुमच्याकडं कशी गेली?"

"हुमणीला काय गेट आडवं येतं व्हय?" माणिकरावांनी कुदळ खांद्यावर टाकली.

जिवनबाईंचं झालं, मग शेजारच्यांचं निघालं. कॉलनीभर माणिकरावांच्या नावाचा डंका. लोक मुंग्या, झुरळं, वाळवी, सगळीच गाऱ्हाणी घेऊन येऊ लागले. एका घुशीनं मात्र त्यांचा पिंजरा पालथा करून आतली भाकरी पळवली, तर ते म्हणाले, "ती गाभण हाय, म्हणून सोडली." कोपऱ्यावरचा बँकवाला तेवढा ऐटीत सांगायचा, "आमचं लॉन ठणठणीत आहे. आम्हाला म्हाताऱ्याची गरज नाही."

गणपतीत कॉलनीनं माणिकरावांचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, टाळ्यांचा नुसता कडकडाट. माणिकरावांनी माईक धरला आणि सगळ्यांदेखत लेकाला सांगितलं, "विश्वंभर, गावाकडचं घर भाड्यानं देऊन टाक. एवढी माणसं माझ्या भरवशावर हायेत. मला आता हितून हलता येत न्हाई."

कोमलच्या डोळ्यांत पाणीच आलं. जिंकले गं बाई, ती स्वतःशीच म्हणाली. मांडवातून ती हळूच सटकली आणि घरामागं आली.

पाण्याच्या टाकीआड एक पोतं लपवलेलं होतं. तुळशीला खत म्हणून तिनं ते नरसीहून, माहेराहून आणलं होतं. कच्चं शेणखत, आत हुमणीच हुमणी. मामा दुपारी झोपले की तिनंच ते मूठमूठ आपल्या लॉनमध्ये पुरलं होतं. ती शेतकऱ्याची लेक. कच्च्या खतातून हुमणी येते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. आता उरलेलं पोतं कुठंतरी लांब फेकून यायचं, की सुटले.

पोतं रिकामं होतं. नीट घडी घातलेलं, वर दगड ठेवलेला.

"ते मी संपवलं," मागून आवाज आला.

शाल पांघरून माणिकराव उभे होते.

"तू आपल्याच लॉनमधी पुरून राहिली व्हती. तेवढ्यावर माझा मुक्काम कसा टिकावा? समोर अन् शेजारी मग मीच टाकलं."

माणिकरावांनी सत्काराचा नारळ तिच्या हातात दिला.

"म्हायेराला जाशील तवा दोन पोती आणजो, सूनबाई. बँकवाल्याचं लॉन राहिलंय."