घोड्यावरचा देव

पेडगावच्या त्या घरात देव्हाऱ्यात तांब्याचा एक टाक होता. घोड्यावर बसलेला देव, पायाशी कुत्रा, म्हणून तो घरचा खंडोबा. लग्न होऊन आल्यापासून भागुबाईच तो चिंचेनं घासायची, त्याला भंडारा लावायची. नवरा गेला आणि दीर दत्तरावानं तिला देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसवलं. त्याला अकरा वर्षं झाली.

दर चंपाषष्ठीला ती म्हणायची, "भाऊजी, एकडाव मला पाणी घालू द्या की देवाला."

"वैनी, कुक्कू पुसलेला हात देवाला चालत न्हाई."

यंदा परभणीहून जुन्या नाण्यांचे एक अभ्यासक आले. त्यांनी भिंगाखाली टाक बराच वेळ निरखला. उंबऱ्यापाशी भागुबाई सवयीनं हात जोडून उभी होती.

"दत्तराव, हा टाक नाही. रोमन साम्राज्यातल्या एका दूरच्या प्रांतातलं हे नाणं आहे, अठराशे वर्षांपूर्वीचं. हा स्वार नेमका कोण, हे अजून कुणाला नक्की सांगता आलेलं नाही. तिकडे त्याला थडग्यांवर कोरायचे, एवढं माहीत आहे."

"म्हंजे मयताचा देव?" दत्तरावानं नाणं पाटावर टाकलं आणि हात धोतराला पुसले.

मग अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं भागुबाईला आत बोलावलं.



"या वैनी, उचला ह्याला. आता तुमचा हात चालतोय."