तीन पायऱ्या

उतारावरचं पाणी अडवायला शेताला आडवा बांध घालायचा आणि माती धरून ठेवायला त्यावर गवत लावायचं, हे मी प्रशिक्षणात घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं होतं. तरी प्रशिक्षणाला आलेल्या एका मावशींनी आपल्या बांधाच्या मधोमध दोन हात जागा मोकळी सोडली.

“मावशी, इथूनच पाणी घुसेल. गेल्या खेपेसारखं शेत धुऊन नेईल.”

“माझा पोरगा याच वाटेनं घरी येतो.”

“शेवटचा कधी आला होता?”

“शेत वाहून गेलं, तेव्हा कामाला म्हणून बाहेर पडला. अजून यायचाय.”

शेवटी मावशींनीच फावडं उचललं आणि जागा बुजवली.

वर्षभराने पाहणीला गेले. मध्ये धो धो पाऊस होऊन गेला होता, पण मावशींच्या शेतातली मूठभर मातीही हलली नव्हती. बांध अखंड होता, त्यावर गुडघाभर गवत होतं. मधोमध मात्र दगडाच्या तीन पायऱ्या रचल्या होत्या आणि मावशी तिथे वाकून गवत उपटत होत्या.

“अहो मावशी, उपटताय काय?”

“तुमचं हे मेलं गवत नको तिथेही उगवतं. तो आला, तर त्याला कळायला नको, इतके दिवस या पायऱ्यांवर कुणाचाच पाय पडला नाही.”