जड पाणी

"कोणाच्या दारचं पाणी प्यायचं नाही, पोरी. घसा सुकला तरी घरी येऊन प्यायचं."

आईचा आवाज. आई जाऊन कितीतरी उन्हाळे झाले, पण जिन्याची शेवटची पायरी उतरली की अपर्णाला तो ऐकू यायचा. कारण खाली, दारातच, घरमालकीण सत्यभामाकाकूंची पाणपोई होती.

होती. आता लाल माठ उपडे पडले होते.

अपर्णा वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची. भनपुरीच्या एका कारखान्यात ती केमिस्ट. बॉयलरला जाणारं पाणी जड की हलकं, ते तपासणं तिचं काम. निघताना ती वरच्या नळाचं पाणी स्टीलच्या बाटलीत भरून घ्यायची. आईचंही तसंच. लग्नाला जावो की गावाला, पिशवीत स्वतःचा तांब्या. बाया थट्टा करायच्या, "मोठं सोवळं आहे बाई तुमचं!" आई नुसती हसायची.

काकूंचे माठही त्याच पाण्यानं, खालच्या नळावर भरायचे. अक्षयतृतीयेला, म्हणजे इथल्या अक्तीला, माठ पुजून पाणपोई सुरू व्हायची. पुरानी बस्तीतले हमाल, रिक्षावाले, देवळातून परतणाऱ्या बाया वाकून ओंजळ पुढे करायच्या, आणि काकू लांब दांड्याच्या ओगराळ्यातून उंचावरून धार सोडायच्या. धार तुटायची नाही, गुणगुणणंही तुटायचं नाही:

घडा भरला काठोकाठ,
पाहे तान्हेल्याची वाट.

अपर्णा राहायला आली ती यंदाच्या अक्तीलाच. सामान उतरवून घामाघूम झालेली.

"ये ना पोरी, उन्हातून आली. धर ओंजळ."

अपर्णाचे हात मागे गेले. "नको काकू. पाणी जरा जड वाटतं. मला सोसत नाही."

न पिताच जड वाटलं. ई-रिक्षावाला इंद्रजीत ओल्या मिशा पुसत हसला. "अम्मा, मैडम लोग हर हाथ का पानी थोड़े पीते हैं."

खरं होतं, म्हणूनच ते लागलं.

काकूंना मात्र पाण्याचीच काळजी लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी धुतलेली बाटली भरून तिच्या हाती दिली. "तू तं पाण्याचीच डॉक्टर. पाहून दे ना माये."

अपर्णानं कारखान्यात पाहिलं. औषधाचे थोडेच थेंब पडले आणि रंग टाकून लालसर केलेलं पाणी चटकन निळं झालं. हलकं पाणी. तूरडाळ फुलासारखी शिजेल असं.

संध्याकाळी ती परतली तेव्हा काकू माठांपाशी बसून एक लांब बांबू पुसत होत्या. उभा चिरलेला, आतून गुळगुळीत.

"हे काय, काकू?"

"आमच्या सासऱ्याच्या हातचा आहे. तवा अक्तीले लय भीड राहे, लोकाइची रांग लागे. मंग थे बसल्या जागेवरून याच्यातून पाणी सोडत, दुरून. आता कामाचा नाही, पण फेकवत नाही." काकूंनी बांबूवरून हात फिरवला. "बरं, पाण्याचं काय निंघालं?"

अपर्णा बांबूकडे पाहत राहिली.

"जड आहे," ती म्हणाली. "फार जड. मुतखडे होतात असल्या पाण्यानं."

सकाळी माठ उपडे होते.

इंद्रजीतनं रिक्षा थांबवली, रिकाम्या पाणपोईकडे पाहिलं आणि निघून गेला. एक म्हातारी बराच वेळ उपड्या माठांपाशी बसून राहिली. ऊन चढत गेलं. अपर्णानं आपली बाटली उघडली आणि न पिताच झाकण लावलं. तेच तर पाणी होतं.

रोज संध्याकाळी ती ठरवून यायची, की आज सांगायचं. रोज खाली मान घालून जिना चढायची. काकूंचं गाणंही आता अर्ध्यावर थांबायचं. "घडा भरला..."

रविवारी काकूंनीच हाक मारली.

"बस जरा. एक विचारतो, खरं सांगजो." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. भिंतीवर काकांचा हार घातलेला फोटो होता. "आमच्या ह्यांचे गुर्दे, किडन्या म्हन्तेत थे, खराब झाले होते. डॉक्टर म्हने, पाणी पाजा, भरपूर पाजा. मी पाजलं. रात रात बसून, चमच्यानं पाजलं. थे हेच पाणी होतं ना?"

"काकू..."

"मंग मीच मारलं म्हन ना त्याइले."

अपर्णाची नजर फोटोवर गेली.

"अन् आल्यागेल्या लोकाइले किती पाजलं असंन! मी तं पुण्य समजून करून राहिली होती, पोरी."

अपर्णा उठली. बाहेर गेली. एक माठ सुलटा केला, धुतला, नळाखाली धरला. काकू दारात येऊन पाहत होत्या. माठ भरून वाहू लागला तरी तिनं नळ बंद केला नाही.

"पाणी चांगलं आहे, काकू," ती पाठमोरीच म्हणाली. "तेव्हाही चांगलंच होतं. काकांना त्यानं काही झालं नाही, कोणालाच झालं नाही. मी खोटं बोलले."

काकू दारातून पुढे आल्या.

"काहून?" काकूंच्या आवाजात राग नव्हता. "हव, तुले आमच्या हातचं चालत नव्हतं, थे मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. तं तसं सांगतीस. पाण्याले काहून बोल लावला?"

अपर्णानं नळ बंद केला. कोपऱ्यात बांबू टेकून ठेवलेला होता. ती त्याच्याकडे बघत म्हणाली,

"काकू, भीड नसायची तेव्हाही माझ्या आईच्या ओंजळीत लोक असल्याच बांबूतून पाणी सोडायचे. दुरून."