'अहो' नावाचे हात

प्रमिलाताईंनी संगणकाला जोडलेला हातमोजा चढवला आणि पडद्यावरची पुढची फाइल उघडली. एक मऊ, उबदार तळवा त्यांच्या तळव्यात आला.

"हे नव्हेत," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा होता. जन्मभर शिवणकाम केलं."

सून गार्गी शेजारी बसली होती. आपल्या माणसाच्या हाताचा स्पर्श या ऑनलाइन संग्रहात कोणीही अपलोड करावा आणि टॅग टाकून कोणीही तो शोधावा, अशी सोय होती. अपलोड कोणी केला, याची नोंद मात्र तिथे राहत नसे.

"पण आई, बाबांचा हात अपलोड करताना टॅगमध्ये त्यांचं नाव का नाही घातलंत?"

"अगं, तेव्हा हे समोरच बसले होते. त्यांच्यादेखत नाव कसं घेणार? मी आपलं 'अहो' लिहिलं."

'अहो' टाकल्यावर लाखभर हात निघाले होते. तितक्याच बायकांनी तेच लिहिलं होतं. नवरा गेल्यापासून प्रमिलाताई रोज त्यातले थोडे धरून बघत.

पुढचा हात थरथरत होता. त्याने त्यांची बोटं घट्ट आवळली. हेही नव्हेत. त्या मोजा काढायला गेल्या आणि थबकल्या. ह्यांचा हातही कुठेतरी कोणीतरी असाच धरला असेल आणि आपला नव्हे म्हणून सोडून दिला असेल.

"आई, पुढचा लावू?"

"थांब जरा," त्या म्हणाल्या, आणि तो परका हात त्यांनी आणखी थोडा वेळ धरून ठेवला.